आरंभ नवकारशीपासून

जैन घरात झोपेचा हिशेब केवळ तासांत होत नाही. मद, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा हे प्रमादाचे पाच प्रकार पाठशाळेतच मुखोद्गत झालेले असतात. सामायिकाच्या ३२ दोषांपैकी कायेचे जे १२ दोष सांगितले आहेत, त्यांतही निद्रेची गणना आहे. म्हणूनच नगरच्या मार्केट यार्डात भुसार मालाची आडत सांभाळणारे बाबूजी पहाटेच्या सामायिकात डुलक्या घेऊ लागले, तेव्हा वैद्याकडे जाण्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही. त्यांनी दोष दिला तो स्वतःच्याच मनाला.

वय ६२ वर्षे, चोविहाराचा नियम तरुणपणापासूनचा, व्यसन कसलेही नाही. अशा माणसाने प्रमादावर जो उपाय करावा तोच त्यांनी केला. नियम अधिक कडक केले. दुपारची विश्रांती सोडली. रोजच्या एका सामायिकाची दोन केली. व्याख्यानात मागच्या भिंतीला टेकून बसण्याऐवजी ते पहिल्या रांगेत बसू लागले. तरीही ४८ मिनिटे पुरी होण्याआधीच मुहपत्ती बांधलेले मुख छातीवर झुके आणि हातातली माळ आसनावर गळून पडे. दुकानात पट्टी लिहिताना एखादे अक्षर खाली ओढले जाई. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडून पहाटे पाचला उठणारा माणूस थकलेलाच उठे. नियम वाढत गेले, थकवाही वाढत गेला आणि त्याबरोबर मनातली लाजही.

बाईंना मात्र वेगळेच काही ठाऊक होते. बाबूजींचे घोरणे हा घरात थट्टेचा विषय होता. पण बाईंना भीती वाटे ती घोरण्याची नव्हे, त्यानंतर येणाऱ्या शांततेची. घोरणे एकाएकी थांबे. छाती हलताना दिसे, पण श्वासाचा आवाज येत नसे. बाई अंधारात उठून बसत आणि मनात नवकार म्हणू लागत. एक नवकार पूर्ण होई, दुसरा अर्ध्यावर येई, तेव्हा कुठे गुदमरल्यासारखा मोठा हुंदका देऊन श्वास परत येई. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अशा किती रात्री गेल्या हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. दशप्राणांमध्ये श्वासोच्छ्वास हा एक प्राण आहे, हे पाठशाळेत शिकलेले वाक्य त्या रोज रात्री शेजारी बसून अनुभवत होत्या.

पाच वर्षांपूर्वीच्या संवत्सरीला बाबूजींनी स्थानकात पौषध केला होता. सकाळी पारण्याच्या वेळी कोणीतरी सहज हसत म्हणाले, "काल रात्री आम्हां सगळ्यांचेच जागरण घडवलेत." बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हते, परंतु त्यानंतर बाबूजी रात्रीच्या पौषधाला गेले नाहीत. आणि त्यांना घरी एकटे टाकून बाईही गेल्या नाहीत.

अखेर सुनेने एका रात्री मोबाइलवर तो आवाज आणि ती शांतता ध्वनिमुद्रित केली. घरच्या डॉक्टरांनी ती पुरती ऐकलीही नाही; त्यांनी पुण्यातील निद्रारोगतज्ज्ञांचे नाव लिहून दिले. तिथे एक रात्र राहून तपासणी झाली. डोक्याला, छातीला, पायांना तारा, नाकाखाली श्वास मोजणारी बारीक नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. या अवस्थेत झोप येणार तरी कशी, असे बाबूजींना वाटले. पण त्यांना ती पाच मिनिटांत आली, आणि हेही आजाराचेच लक्षण होते.

अहवालात लिहिले होते की त्यांचा श्वास तासाला सरासरी ४२ वेळा अडतो किंवा फार मंदावतो, आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण रात्रीत ७६ टक्क्यांपर्यंत खाली जाते. तासाला ५ पेक्षा कमी वेळा असे घडणे सामान्य मानतात. ३० च्या पुढे आजार तीव्र समजला जातो. डॉक्टरांनी कागदावर घशाचे चित्र काढून समजावले. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींच्या बाबतीत त्यामुळे श्वासाची वाटच मिटते. छाती हवा ओढत राहते, हवा आत जात नाही. प्राणवायू घटला की मेंदू क्षणभर जागा होतो, वाट मोकळी करतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्या माणसाला यातले काहीच आठवत नाही. तो फक्त थकलेला असतो. या आजाराचे नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि वाहन चालवताना डोळा लागून होणारे अपघात यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

"हा आळस नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "तुम्ही रात्रभर झोपतच नाही. सकाळी सामायिकात जी येते, ती रात्रीची राहिलेली झोप असते."

बाबूजी काही बोलले नाहीत. ज्याला इतकी वर्षे मनाचा दोष समजून ते स्वतःला दंड करीत होते, तो घशाच्या काही स्नायूंचा दोष निघाला. हे ऐकून हलके वाटायला हवे होते. पण पहिल्यांदा वाटले ते एवढेच, की बाईंकडे पाहण्याचा धीर होत नाही.

उपचार म्हणून सी-पॅप नावाचे यंत्र घरी आले. खोलीतली हवा घेऊन ती ठरावीक दाबाने नळीवाटे मास्कमध्ये सोडायची आणि त्या दाबाने घशाची वाट रात्रभर उघडी ठेवायची, एवढेच त्याचे काम. त्यात औषध नसते. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपाय प्रथम योजला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे हाच होता. हे सारे ऐकायला सोपे असले तरी रात्री तोंडावर मास्क चढवणे सोपे नव्हते.

पहिल्या रात्री बाबूजींनी तो ४० मिनिटांत काढून ठेवला. वाऱ्याच्या झोतात तोंड धरल्यासारखे वाटे. श्वास सोडताना हवा उलट ढकली. दुसऱ्या रात्री हवा गळून डोळ्यांवर येऊ लागली, म्हणून पट्टे आवळले. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वण उठला. तिसऱ्या रात्री तोंड उघडे पडून घसा कोरडा ठणठणीत झाला. नातवाने नळी पाहून "दादाजींना सोंड आली" म्हणून टाळ्या पिटल्या. सारे हसले, बाबूजीही हसले. आणि चौथ्या रात्री यंत्र कपाटात गेले.

ते तिथे १२ दिवस राहिले. बाईंची रात्रीची बैठक पुन्हा सुरू झाली. तेराव्या दिवशी त्यांनी यंत्र स्वतःच बाहेर काढले आणि बाबूजींसमोर ठेवले. "अहो," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी ४८ मिनिटे मुहपत्ती बांधून बसणाऱ्या माणसाला या मास्कचे भय कसले? आणि पहिल्याच दिवशी कोणी अठ्ठाई करते का? मुलांना आपण उपवास कसा शिकवला? आधी नवकारशी, मग पोरसी, मग एकासना. तुम्ही तर यंत्राची अठ्ठाईच मांडली होती."

या साध्या बोलण्याने वाट सापडली. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, काही न घेण्याचे पच्चक्खाण म्हणजे नवकारशी. लहान मूल तिथूनच तपाची पहिली पायरी चढते. बाबूजींनी यंत्राचीही नवकारशी ठरवली. दुपारी दुकानातून आल्यावर खुर्चीत बसून, पूर्ण जागे राहून, ४८ मिनिटे मास्क लावायचा. त्या वेळात पुस्तक वाचायचे किंवा माळ फिरवायची. झोपायचे नाही. शरीराला एवढेच कळू द्यायचे की या हवेपासून धोका नाही. पुढे डॉक्टरांना सांगितल्यावर तेही म्हणाले की नव्या रुग्णाला हाच सल्ला देतात. आठवडाभराने रात्रीचा पहिला प्रहर मास्कसह काढायचा ठरले. ती झाली पोरसी. मध्यरात्री मास्क निघाला तर स्वतःवर चिडायचे नाही. पाणी प्यायची सोय नसणाऱ्या चोविहारी माणसाने शांत बसून पुन्हा लावायचा, एवढाच नियम.

अडचणी एकेक करून सुटल्या. दाब आरंभी कमी ठेवून हळूहळू वाढवणारी सोय यंत्रातच होती. ती सुरू करून घेतली. तोंड उघडे पडते म्हणून नाकाचा मास्क बदलून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा घेतला. पट्टे उठून नव्हे, आडवे पडून बसवायचे, आणि हवा गळू लागली की अधिक आवळण्याऐवजी मास्क क्षणभर उचलून पुन्हा नीट टेकवायचा, हे तंत्रज्ञाने दाखवले. घशाच्या कोरडेपणासाठी हवेला ओलावा देणारे पाण्याचे भांडे जोडले.

त्या भांड्याचा ताबा बाईंनी घेतला. ज्या घरात न गाळलेले पाणी पिंपात पडत नाही, तिथे रात्रीचे पाणी सकाळी तसेच राहणे शक्यच नव्हते. भांड्यात डिस्टिल्ड वॉटर वापरावे, उरलेले रोज टाकावे, भांडे कोरडे करावे, मास्कची गादी सौम्य साबणाने रोज धुवावी, अशा सूचना पुस्तिकेत होत्या. बाई ते वाचून म्हणाल्या, "यात नवीन काय आहे?" शिळ्या पाण्यात जीवोत्पत्ती होते, हे त्यांना पुस्तिकेने सांगण्याची गरज नव्हती.

फळ एका रात्रीत मिळाले नाही. रात्री किमान ४ तास आणि १० पैकी ७ रात्री वापर झाला, तर रुग्णाला सवय लागली असे सर्वसाधारणपणे धरतात. बाबूजींना तिथे पोहोचायला सात आठवडे लागले. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत यंत्राने दाखवले की श्वास अडण्याचे प्रमाण तासाला ४२ वरून ३ वर आले आहे. रक्तदाबाची गोळी चालूच राहिली. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण सामायिकाची ४८ मिनिटे जागेपणी पुरी होऊ लागली. वाढवलेले दुसरे सामायिक बाबूजींनी सोडले नाही; फक्त ते आता शिक्षा म्हणून होत नव्हते.

सर्वांत उशिरा बरी झाली ती बाईंची झोप. शेजारी अखंड श्वास चालू असतानाही त्या सवयीने रात्री दोनला उठून बसत, कान देत, आणि यंत्राची मंद सुरसुर ऐकून पुन्हा आडव्या होत.

मग चातुर्मास आला. पर्युषणात बाबूजींच्या मनात पौषधाची जुनी इच्छा जागी झाली. आता घोरण्याची लाज उरली नव्हती. परंतु नवाच पेच उभा राहिला. यंत्र विजेवर चालते आणि अग्निकायाच्या जीवांचा विचार करून स्थानकातल्या पौषधात वीज वापरत नाहीत. यंत्राशिवाय एक रात्र काढली तर काय होईल, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले. उत्तर आले, "श्वास पहिल्यासारखाच अडेल." मग त्यांनी महासतीजींना विचारले. त्यांनी पौषधाचा नियम सैल केला नाही आणि बाबूजींना उणेही लेखले नाही. "श्रावकजी, पच्चक्खाण शक्ती पाहून घ्यायचे असते," त्या म्हणाल्या. "दिवसभर उपवास करा, संवर करा, सायंकाळचे प्रतिक्रमण करा आणि घरी जा. रुग्णाने आपला देह सांभाळणे हा प्रमाद नव्हे."

बाबूजींनी ते मान्य केले, तरी मनात खंत राहिली. ती बोलून दाखवल्यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही घरी यंत्र लावून झोपणार असाल, तर या वर्षी पौषध मी करीन."

संवत्सरीच्या रात्री प्रतिक्रमण आटोपून, साऱ्या संघाशी खमत-खामणा करून बाबूजी एकटेच घरी आले. बाई पाच वर्षांनी प्रथमच श्राविकांबरोबर स्थानकात राहिल्या. सकाळी पारण्याला घरी आल्यावर सुनेने विचारले, "बाई, झोप लागली का?"

"लागली," बाई म्हणाल्या. "एकदाही जाग आली नाही."