अंगाचा भार

खाडीच्या तोंडाशी आमचा जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या शेंड्याजवळ काकणाचं घरटं. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. जोडी दर वर्षी जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचते, म्हणून ते आता हाऱ्याएवढं झालंय. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत 2 मीटर भरतात, वजन मात्र जेमतेम 3 किलो. दुकानातून तांदळाची पिशवी आणताना मला हटकून तो पक्षी आठवतो. एवढाच भार, पण जन्मभर स्वतःच पेलायचा.

2023च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या पुळणीवर देवमाशाचं पिल्लू लागलं. निळ्या देवमाशाचं, असं सगळे सांगत होते. पिल्लू म्हणायचं, पण लांबी 30 फुटांच्या घरात. लोक त्याच्यावर ओली कापडं टाकत होते, पाणी ओतत होते. मी पाहत उभा होतो, आणि ते श्वास सोडायचं तेव्हा माझाही श्वास अडकायचा. पाण्यात हा देह तरंगतो, तिथे त्याला वजन असं जाणवतच नसावं. वाळूवर तेच वजन फुप्फुसांवर बसतं आणि चरबीच्या थराखाली अंग आतून तापत जातं. त्याचाच देह त्याला चिरडत होता. दोन दिवस माणसं राबली, भरती साधून त्याला खोल पाण्यात नेलं. पण ते वाचलं नाही.

त्यानंतर मी निळ्या देवमाशाविषयी मिळेल ते वाचत सुटलो. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे उपसागरात संशोधकांनी एकाच्या अंगावर यंत्र चिकटवून हृदयाचे ठोके मोजले, ते 2019 साली प्रसिद्ध झालं. खोल बुडी मारताना ठोके मिनिटाला दोनवर उतरत, श्वासाला वर आला की तिशीच्या पुढे जात. कितीही खोल गेला तरी त्याला हवेसाठी वर यावंच लागतं. काकणाचं उलटं. तो सहसा पाण्यात बुडी मारत नाही. पृष्ठभागाशी आलेला मासा, समुद्रसाप नखांनी उचलतो. एकाला श्वासासाठी वर यायचं, दुसऱ्याला घासासाठी खाली. दोघांची गाठ पाण्याच्या त्या पातळ कातडीवर.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. दोघांतही मादी नरापेक्षा मोठी. देवमाशीण दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू देते आणि ते दिवसाला नव्वदेक किलोंनी वाढतं. काकणाची मादी बहुधा दोन अंडी घालते, जगतं बहुतेक वेळा एकच. पुळ्याच्या त्या पिल्लाची आई कुठे होती, हा प्रश्न मला अजून छळतो.

त्याच हिवाळ्यात आमच्या आंब्यावर एक पिल्लू मोठं झालं. करड्या-तपकिरी अंगाचं, आईबापांसारखं पांढरं अजून झालं नव्हतं. एका दुपारी ते घरट्याच्या काठावर येऊन उभं राहिलं. खाडीवरून वारा आला, त्यानं पंख उघडले आणि पाय काटक्यांवरून वीतभर सुटले. क्षणभरच. मग ते पुन्हा टेकलं, आणि पुढच्या वाऱ्याची वाट पाहत राहिलं.