मागची काच

परदेश पाहून आलेल्या मनुष्याने प्रवासवर्णन लिहावे आणि त्यात राजवाडे, पुतळे व पूल यांची यादी द्यावी, हा आपल्याकडील जुनाच प्रघात आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता जर्मनीतील स्टुटगार्ट येथे कन्येकडे पाच आठवडे राहून आलो, तेव्हा आम्हीही अशी एक वही भरून आणलीच. परंतु ती उघडून बसले की पानापानांतून एकच वस्तू डोकावते : एका जुन्या मोटारीची फुटलेली मागची काच. तेव्हा राजवाड्यांची क्षमा मागून आज तिच्याविषयीच लिहितो.

स्टुटगार्ट हे शहर एखाद्या खोलगट वाडग्यात वसल्यासारखे आहे. मध्ये नगर, भोवती टेकड्या आणि एका अंगाने वाहणारी नेकार नदी. टेकड्यांच्या उतारांवर, अगदी वस्तीला लागून, द्राक्षांचे मळे आहेत. पूर्वी या मळ्यांतून वर जाण्यासाठी बांधलेल्या दगडी पायऱ्यांना तेथील लोक ‘श्टेफेले’ म्हणतात. अशा पायऱ्यांच्या वाटा शहरात चारशेहून अधिक आहेत. गावाचे नाव पडले ते घोड्यांच्या पागेवरून, म्हणून नगराच्या मुद्रेवर उधळलेला घोडा आहे. हाच घोडा तेथे तयार होणाऱ्या पोर्शे मोटारीच्या चिन्हातही मध्यभागी विराजमान झाला आहे. पागेच्या गावाने पुढे मोटारी कराव्यात, यात काळाची एक गमतीदार संगती आम्हांस दिसली.

आपल्या मुलखाशी या गावाचे नाते अगदीच नाही असे नाही. मल्याळम भाषेचा थोर कोशकार हेर्मान गुंडर्ट १८१४ साली याच स्टुटगार्टमध्ये जन्मला. ज्या बासेल मिशनतर्फे तो हिंदुस्थानात काम करीत होता, त्याच मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. आमच्या बेळगावकडील किती तरी घरांवर मंगळुरी कौले आहेत, आणि त्यांच्यामध्ये उजेडासाठी बसविलेले एखादे काचेचे कौलही असते. कोठली माणसे, कोठली माती आणि कोणाच्या घरातला उजेड!

कन्येचे बिऱ्हाड एका चार मजली इमारतीत आहे. तेथील एक रीत आम्हांस फार आवडली. जिना व दारापुढील वाट झाडण्याची पाळी दर आठवड्यास एका कुटुंबाकडे असते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर एक पाटी अडकविलेली दिसते. हिला ‘केअरवोखे’ म्हणतात. डॉक्टर असो वा कामगार, पाटी आली की केरसुणी हाती घ्यावयाची. आम्ही गेलो त्या आठवड्यात पाटी तळमजल्यावरील वृद्ध गृहस्थांच्या दारावर होती आणि सत्तरी उलटलेले ते गृहस्थ पायरी न् पायरी पुसून काढीत होते. आमचा आठ वर्षांचा नातू त्यांना ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणे. आम्हीही तेच म्हणू लागलो. हयातभर एका यंत्रकारखान्यात फिटर म्हणून राबलेल्या या विधुर गृहस्थांचे सारे धन म्हणजे मागील अंगणात उभी असलेली १९८५ सालची पोर्शे ९११. ती त्यांनी जुनी घेतली होती आणि स्वतःच्या हातांनी राखली होती.

या मोटारीविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली, तेव्हा तिचा क्रमांक ९०१ होता. मधले शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत, अशी हरकत फ्रान्समधील पेझो कंपनीने घेतली, म्हणून १९६४ साली शून्याच्या जागी एक आला. या गाडीचे इंजिन पुढे नसून मागे, मागच्या काचेच्या खाली असते. १९९८ सालापर्यंत ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्याने थंड केले जाई. शहराच्या उत्तरेस त्सुफेनहाउझेन येथे कारखान्यासमोरच २००९ साली उघडलेले संग्रहालय आहे. तेथे आम्ही नातवासह गेलो होतो. चकचकीत गाड्या पाहून तो म्हणाला, “आजोबा, ओपांची गाडी यांच्यापेक्षा छान आहे. ती चालते.”

आता त्या रविवारकडे वळू. जर्मनीत रविवार हा शांततेचा वार. दुकाने बंद, खडखडाट वर्ज्य. कन्या व जावईबापू आमच्या सौभाग्यवतींना घेऊन बागा दाखवावयास गेले होते. घरी आम्ही व नातू. त्याच्याच हट्टापायी आम्ही बेळगावहून बॅट आणि खरा सीझनचा चेंडू नेला होता. अंगणात तो चेंडू काढू नये, हे आम्हांस कळत नव्हते असे नाही. तरी “एकच षटक” म्हणून आम्ही तो टाकला, पोराने तो डावीकडे सणसणीत भिरकावला आणि पुढच्याच क्षणी अंगणात साखरेचे पोते फाटावे तसा आवाज झाला. ओपांच्या गाडीची मागची काच जागेवर नव्हती.

खिडक्या सर्वत्र बंद होत्या. कोणी पाहिले नव्हते. नातू आमच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

वाचकहो, तीस वर्षे आम्ही मुलांना ‘खरे बोलावे’ हा पाठ शिकवीत आलो. पण त्या क्षणी आमच्या मनात आले ते असे : परका देश, महागडी गाडी, जावईबापूंची नवी नोकरी, कन्येचे शेजाऱ्यांशी जुळत आलेले संबंध. आत निघून गेलो तर? हा विचार किती वेळ टिकला ते सांगता येत नाही. पण तो आला होता, हे लपविण्यात अर्थ नाही. आणि त्याच्या मागोमाग आठवली आमच्या लहानपणीच्या कंदिलाची काच. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील आमच्या घरी होता. त्याची काच राखुंडीने घासण्याचे काम आमच्याकडे असे. एके संध्याकाळी ती आमच्या हातून पडली आणि आम्ही मांजराचे नाव सांगितले. वडील काही बोलले नाहीत. ती रात्र त्यांनी चिमणीच्या धुरकट उजेडात हिशेब लिहीत काढली. त्यांना कळले होते, हे आम्हांस पुढे किती तरी वर्षांनी उमगले, आणि तेव्हा सांगावयास ते राहिले नव्हते.

आम्ही नातवाचा हात धरला आणि ओपांची घंटा वाजविली.

अडचण अशी की आम्हांस जर्मन येत नाही आणि ओपांना इंग्रजी बेताचेच. दुभाषी म्हणून होता तो आठ वर्षांचा अपराधीच! आम्ही मराठीत सांगितले, “त्यांना सांग, चेंडू मी टाकला. येथे खेळू नये हे मला ठाऊक होते. चूक माझी आहे. भरपाई मी करीन.” पोराने मान खाली घालून जर्मनमध्ये काही सांगितले. ओपा चपला घालून बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिले. मग वाकून नातवाचे दोन्ही तळहात उलथेपालथे करून पाहिले, कोठे काच लागली नाही ना म्हणून. त्यानंतरच ते गाडीजवळ गेले.

मोटारीची पुढची काच दोन तावांमध्ये पारदर्शक पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकली तरी एकसंध राहते. मागची बहुधा तशी नसते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोतांनी एकदम गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्यास आत ओढून धरतो. थंड होताना आकसण्यातले हे बळ बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणाऱ्या लोहारासही ठाऊक असते. या ताणामुळे काच पुष्कळ मार सोसते. पण एका ठिकाणी हरली की सगळीच हरते, आणि सुरीसारख्या कपच्यांऐवजी तिचे खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. अशी काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, सांधता तर नाहीच.

ते खडे आतल्या आसनांवर पसरले होते, तसेच इंजिनाच्या झाकणाच्या जाळीतूनही खाली गेले होते. ओपांनी किल्ली खिशात टाकली आणि बोट हलवून बजावले की शेवटचा खडा निघेपर्यंत इंजिन सुरू करावयाचे नाही. पंख्यात एक जरी सापडला तरी घात. मग तिघांनी मिळून ते वेचले. पाटी त्या आठवड्यात आमच्या कन्येच्या दारावर होती, तेव्हा अंगण झाडण्याचा मान आमचा.

वेचता वेचता एक तुकडा निराळा निघाला. काचेच्या कोपऱ्यात आतून एक चिकटचित्र लावलेले होते. त्याला बिलगून तेवढे खडे एकत्र राहिले होते, पण धरले की कापडासारखे लवत होते. ते ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनर घाटाचे चित्र होते. हा रस्ता १९३५ साली खुला झाला आणि तो २५०० मीटरांहून अधिक उंचीवर जातो. नातवाने विचारून सांगितले, “ओपा आणि त्यांची बायको १९८७ मध्ये या गाडीतून तिथे गेले होते. हे तिने चिकटवलं होतं.” आम्हांस बोलवेना. ओपांनी तो तुकडा रुमालात घेतला आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवला.

दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा घरगुती विमा त्या देशात बहुतेक घरी उतरविलेला असतो. जावईबापूंनी पत्रव्यवहार केला, काचेचे पैसे मिळाले. ते चित्र मात्र कोणत्याच विम्यात बसणारे नव्हते. नवी काच येईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली होती. येता-जाता ती ताडपत्री पाहणे, हीच आमची शिक्षा होती.

काच आली तेव्हा ओपांनी निरोप धाडला : गॅरेजात नेणार नाही, घरीच बसवू, दोन्ही गुन्हेगारांनी शनिवारी सकाळी हजर व्हावे.

ते काम पाहण्यासारखे होते. प्रथम जुने रबर काढून चौकटीचा काठ घासून पुसला. रबराखाली गंज धरला असेल तर नवी काच बसूनही पाणी आत येते. मग नव्या काचेभोवती नवे रबर चढविले. आपल्याकडील कारागीर याला बीडिंग म्हणतात. तिच्या बाहेरच्या खाचेत चकाकती पट्टी बसविली. काच तापवून दव घालविणाऱ्या बारीक रेघा तिच्यावर असतात, त्यांच्या तारा दोन्ही अंगांनी आत घेतल्या. नंतर खरी युक्ती. रबराच्या आतल्या खाचेत, पायजम्याला नाडी ओवावी तशी, सगळीकडून एक दोरी घातली आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी आत सोडली. साबणाचे पाणी फासून काच बाहेरून चौकटीवर टेकविली. ओपा बाहेरून तळहाताने थापटत व दाबत होते. आत, त्या चिमुकल्या मागच्या आसनावर, नातू एक टोक आणि आम्ही दुसरे टोक हळूहळू ओढीत होतो. दोरी निघत जाई तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या काठावर आत येऊन बसे. आपल्याकडे बस-ट्रकची काच बसविणारेही हीच रीत वापरतात. घाई केली तर रबर फाटते, एकानेच ओढली तर काच तिरकी बसते. वरच्या बाजूस दोघांची टोके जवळ आली आणि दोरी निसटून आमच्या हाती आली, तेव्हा ओपांनी बाहेरून काचेवर दोन टिचक्या मारल्या. बसली होती. नळीने पाणी मारून पाहिले. थेंब आत आला नाही.

कॉफी घेताना ओपा कन्येला काही सांगू लागले आणि ती आमच्याकडे पाहून हसली. म्हणाली, “बाबा, त्या दिवशी तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत ना? तुमच्या दुभाष्याने ते सांगितलेच नाही. तो एवढेच म्हणाला, ‘काच मी फोडली. आजोबांना रागावू नका.’”

नातू बिस्किटात तोंड लपवून बसला होता. मराठीचे भाषांतर चुकले म्हणून आम्ही आयुष्यात प्रथमच आनंदलो.

निघताना ओपांनी आम्हांस त्या काचेचे पाच-सहा खडे एका डबीत घालून दिले. नव्या काचेच्या कोपऱ्यात त्यांनी काही लावले नाही. ती जागा मोकळी आहे. डबी आता शाळेत आमच्या टेबलावर असते. जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा मुलांनी विचारले, आणि आम्ही त्यांना सारे सांगितले. आत निघून जाण्याचा विचार आला होता तो, आणि मांजराचे नाव घेतले होते तेही. मुख्याध्यापकाने असे सांगावे की नाही, यावर शिक्षकांत थोडी चर्चा झाली.

गेल्या महिन्यात मधल्या सुटीत सहावीतला एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. ग्रंथालयाच्या कपाटाची काच आपल्या हातून फुटली, असे तो म्हणाला. आम्ही त्याला जवळ बोलाविले आणि आधी त्याचे दोन्ही तळहात उलथेपालथे करून पाहिले.