एकामागे एक

भाची यॉर्कशायरला असते. मागच्या जूनमध्ये तिनं एक फोटो पाठवला. दगड रचून केलेली बुटकी भिंत, तिच्यात माणूस अंग चोरून जेमतेम पलीकडे जाईल एवढी फट, पलीकडे पिवळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेलं गुडघाभर गवत आणि त्यातून गेलेली दगडी फरशांची अरुंद ओळ. फटीशेजारी पाटी होती. हे गवत म्हणजे पीक आहे, कृपया एकामागे एक चाला, असा तिचा मतलब. गावाचं नाव म्यूकर. खाली भाचीनं लिहिलं होतं, ‘मामा, हे नॅशनल पार्क आहे. इथे लोक राहतात, मेंढ्या पाळतात, हिवाळ्यासाठी गवत कापून ठेवतात. आणि वाट सरळ त्यांच्या शेतातून जाते!’

पाटीवरचं ‘एकामागे एक’ काही डोक्यातून जाईना. कारण ते मी आयुष्यभर पाहत आलोय. आमच्या सातपुड्यातल्या धडगावच्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी उभे राहा. रस्ता डांबरी, दोन गाड्या सहज जातील एवढा. तरी डोंगरातून उतरलेली माणसं ओळीनंच चालतात. पुढे म्हातारा, मागे सून, तिच्या मागे टोपलं घेतलेली पोर. गप्पाही तशाच चालतात, मान न वळवता, थोड्या वरच्या आवाजात. पाय लहानपणापासून पाऊलभर रुंदीच्या वाटेवर घडलेले असतात, त्यांना डांबर मिळालं तरी ते पसरत नाहीत. मला ती चाल फार आवडते. शहरात चौघं मित्र फिरायला निघाले की अख्खा रस्ता अडवतात. इथे चाळीस माणसं जातात आणि गवताची एक काडी वाकत नाही.

या वाटांना मराठीत एक अस्सल शब्द आहे: वहिवाट. पाऊलवाट नुसती दिसते, वहिवाट मात्र चालून चालून मिळवावी लागते. 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून लागू आहे. शेताची वहिवाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे अर्ज करून ती मोकळी करून घेता येते. इंग्लंडातही वीस वर्षं लोक बिनदिक्कत चालत राहिले तर ती वाट सार्वजनिक समजली जाते. पण त्यांना ती सुखासुखी मिळालेली नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट पठारावर कारखान्यांतली शेकडो तरुण मुलं मुद्दाम बंदी मोडून चढली. जमीन धनिकांच्या शिकारीसाठी राखलेली होती. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच डोंगराळ मुलखात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की माणसं बाहेर, हरणं आत, आणि मध्ये तिकिटाची खिडकी. माणसासकट राखलेलं रान ही कल्पना मला जास्त पटते; सातपुड्यात ज्यांचे पाडे आहेत त्यांना वगळून सातपुडा म्हणायचं तरी कशाला?

फोटो आला त्या सुमाराला मी तोरणमाळला जाऊन आलो होतो. शहाद्याहून निघालं की आधी पपई, केळी, ऊस लागतो, मग साग, मग सातपायरीच्या घाटात गाडी वळणं मोजत राहते. वर गेल्यावर पर्यटक यशवंत तलाव पाहतात, सीताखाईच्या कड्यावर उभे राहतात, गोरक्षनाथाला हात जोडतात आणि संध्याकाळी उतरतात. माझं मन मात्र दरवेळी खालीच रेंगाळतं, शहाद्याच्या बाजूच्या पायथ्याच्या सागात. त्याला कारण रानपिंगळा.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! वीतभर, म्हणजे साध्या पिंगळ्याएवढाच पक्षी. पण साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पट्टे, पोट पांढरंशुभ्र. 1873 साली ह्यूमनं त्याचं वर्णन छापलं. हाच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या याच भागातून काही पक्षी मिळवून पेंढा भरून ठेवले. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उणीपुरी सात कातडी उरली. त्यांतल्या एका कातड्यावर चिठ्ठी होती: 1914, मांडवी, गुजरात, मिळवणारा कर्नल माइनर्ट्‌झहागन. म्हणजे 1914पर्यंत तो होता, आणि मांडवीला होता! शोधणारे साहजिकच तिथेही शोधत राहिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती कातडी एकेक करून तपासली. पक्ष्याचं पोट कसं भरलंय, टाके कसे घातलेत, कापूस कुठला. प्रत्येकाच्या हाताची पद्धत वेगळी असते. गोधडीचा टाका पाहून ती कुणी शिवली हे घरातली बाई सांगते, तसंच. माइनर्ट्‌झहागनचा पक्षी उसवून पुन्हा भरलेला निघाला. तो डेव्हिडसनचाच होता, संग्रहालयातून चोरलेला. चिठ्ठीवरचं गाव, साल, सगळं खोटं. एका माणसाच्या खोट्या चिठ्ठीनं किती जणांची पायपीट वाया घालवली! मला त्याचा आजही राग येतो. रानाबद्दल खोटं लिहिणं हे मी मोठं पाप समजतो, कारण रान स्वतः येऊन खुलासा करत नाही.

मांडवी बाद झाल्यावर उरली ती खरी ठिकाणं. रासमुसेन आणि त्यांच्या सोबतचे बेन किंग, डेव्हिड ॲबट जुन्या नोंदींमागून फिरत शहाद्याजवळ आले. 25 नोव्हेंबर 1997च्या सकाळी, लख्ख उजेडात, पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला होता. 113 वर्षांनी. शहादा आता ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेलाही नव्हता. तो झाला पुढच्या वर्षी 1 जुलैला. नंतर रानपिंगळा मेळघाटात सापडला, खांडव्याकडे सापडला, मुंबईजवळ तानसातही सापडला. पण पहिली ओळख पुन्हा पटली ती आपल्या सागात. आमच्या आजोळी पहाटे कुडमुडं वाजवत, हातात कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा आणि न विचारता भविष्य सांगून जायचा. ते दोन पिंगळे माझ्या मनात एकमेकांपासून वेगळे होत नाहीत.

तर त्या खेपेला परतीच्या वाटेवर गाडी सोडून मी एका पाड्याकडे चालत गेलो. इथलं गाव म्हणजे एका टेकाडावर एक घर, समोरच्या टेकाडावर दुसरं, हाक मारली तर पोहोचेल एवढ्या अंतरावर. वाट सांगायला एक पावरा म्हातारा पुढे झाला. त्याच्या मागे त्याची नात, मागे मी. करवंदीची काटेरी फांदी वाटेवर आली की तो ती हातानं बाजूला धरायचा, नात हात पुढे करून ती घ्यायची, मग मी घ्यायचो. एकदाही कुणाला काटा लागला नाही.

वाट थेट त्याच्या अंगणात निघाली. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सगळ्या अंगणभर कैरीच्या फोडी वाळत होत्या. धडगाव भागात एप्रिल-मे म्हणजे आमचूर. झाडावरून कैरी उतरवायची, साल काढायची, कोय बाजूला करून फोडी उन्हात पसरायच्या. सकाळी कापलेल्या फोडी अजून हिरवट पांढऱ्या होत्या, कालच्यांच्या कडा आत वळल्या होत्या, परवाच्या तपकिरी होऊन कानासारख्या दिसत होत्या. अंगणाला आंबट, तापलेला वास. नातीनं पायानंच फोडी सारून माझ्यापुरती एक वाट केली, कुडाच्या भिंतीपाशी खाट टाकली, लोटाभर पाणी दिलं.

मी म्हाताऱ्याला रानपिंगळ्याबद्दल विचारलं. फोटोही दाखवला. त्यानं फोन लांब धरून पाहिला आणि विचारलं, “दिवसा बसतो तो?”

मी नुसती मान हलवली. अंगावर काटा आला होता.

मग बोलणं दुसरीकडेच गेलं. त्याची बहीण नर्मदेकाठच्या गावात दिलेली. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातली 33 गावं धरली, त्यांतलं एक. आता तिचे लोक वर डोंगरात सरकलेत, ये-जा नावेनं. “आधी पायी जायचो,” तो म्हणाला. “तू चालला असता तर दुपारी पोचला असता.” आणि खाटेवर बसल्या बसल्या तो मला वाट सांगू लागला. हात हवेत उतारानं खाली जात होता. चारोळीचं झाड. मग दोन धोंडे, त्यांच्यामधून. मग नाला, उजवीकडून, डावीकडून नाही, डावीकडे निसरडं. मग मोठा आंबा, तिथे सगळे बसतात. मग शेताची कड, बहिणीच्या दिराचं शेत, तुरीत पाय द्यायचा नाही. बोट थांबलं.

“मग पाणी,” म्हणाला, आणि अंगणातली एक वाळलेली फोड उचलून त्यानं माझ्या हातावर ठेवली.