सहा तारांची शिकवणी

खालापूरच्या कचेरीतील दप्तर मिटवून कर्जतला परतावे आणि उल्हास नदी दुथडी भरून वाहत असता ओसरीवर गिटार मांडीवर घ्यावी, हा श्रावणातला माझा शिरस्ता झाला आहे. पहिला धडा ई मायनरचा: डाव्या हाताची दोनच बोटे, जाड तारेकडून मोजता दुसऱ्या व तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या पडद्याच्या अगदी लगत; बोट मागे राहिले की तार खरखरते, लगत टेकले की तोच स्वर अल्प श्रमाने निर्मळ उमटतो.

पडद्यांची ही योजना विलक्षण आहे. प्रत्येक पडदा उरलेल्या तारेचा सुमारे १८वा भाग तोडीत जातो आणि १२व्या पडद्याशी तार निम्मी होऊन स्वर वरच्या सप्तकात पोहोचतो. परंतु भजनातील मींड ज्याच्या कानात बाळपणापासून मुरली आहे, त्याला दोन पडद्यांमधील श्रुती अस्पर्श राहतात याची हुरहुर लागतेच. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारांवर सळई सरकवली आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ती संतूर व बासरीच्या पंक्तीस बसवली, त्यामागे हीच निकड असावी असे मी मानतो.

मजला तूर्त पडद्यांचाच हुकूम शिरसावंद्य आहे. दमट हवेने लाकूड फुगते, म्हणून वादनापूर्वी सूर मिळवणे अपरिहार्य. उद्यापासून सीवरून जीवर ताल न मोडता जाण्याचा सराव. त्यात अनामिकेस सर्वाधिक प्रवास घडतो, तेव्हा तिची तालीम निराळी घ्यावी लागेल.