आम्ही सध्या जागेवर नाही

सरकार आपल्या कारकुनाकडून काय काय घेते, याचा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. दिवसाचे साडेआठ तास घेते, हे तर उघडच आहे. सही घेते; अलीकडे बोटाचा ठसाही घेऊ लागले आहे, कारण हजेरीच्या यंत्राचा आमच्या सहीवर विश्वास नाही. मधूनच एखादा हुकूम धाडून बसलेले बिऱ्हाड उठविते. परंतु आवाज ही चीज आजवर ह्या देण्याघेण्यात नव्हती. उलट, सरकारी लिखाणाची सारी रीतच अशी की, त्यात कोणाचा आवाज म्हणून ऐकू येऊ नये. कार्यालयीन ज्ञापनात 'मी' लिहावयाचे नाही. 'अधोस्वाक्षरीकर्त्यास असे कळविण्याचा आदेश आहे' अशी तृतीय पुरुषातील आडवाट धरावयाची. ही वाट आम्ही बारा वर्षे तुडविली, आणि तिच्यावर आमचे पाऊल उमटू नये ह्याची काळजीही घेतली. अशा माणसाजवळ गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस आवाज मागण्यात आला.

प्रकार असा. आमची कचेरी जयनगरात आहे. केंद्र सरकारची आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आमच्या शाखेकडे निवृत्तिवेतनाचे काम येते. तेथे टेलिफोनची नवी व्यवस्था झाली, आणि कोणी जागेवर नसल्यास फोन करणाऱ्यास नमस्कार करून त्याचा निरोप टिपून घेणारे यंत्र त्या व्यवस्थेबरोबर आले. व्हॉइसमेल म्हणतात ते हेच. यंत्राला जीभ नसते. ती कोणाची तरी उसनी द्यावी लागते. राजभाषा नियम, १९७६ अन्वये महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात मोडतो आणि कर्नाटक 'ग' क्षेत्रात. 'ख' मधून 'ग' मध्ये येऊन आम्हांस सहा वर्षे झाली. येथल्या फलकांवर आधी प्रादेशिक भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम असतो. तोच क्रम यंत्रासही लावावा असे ठरले. तिन्ही भाषा एकाच आवाजात असाव्यात, नाहीतर ऐकणाऱ्यास तीन कचेऱ्या लागल्यासारखे वाटेल, असा साहेबांचा आग्रह होता. हुबळीकडच्या एक सहकारी बाई म्हणाल्या, "आमचं कन्नड इथल्या लोकांना गावंढळ वाटतं, मला नको." दुसरे एक गृहस्थ हिंदीच्या नावानेच उठून चहाला गेले. राहता राहिला तो मराठी माणूस. मराठी माणसास हिंदी येतेच, असा साऱ्या हिंदुस्थानचा समज आहे. कन्नड आम्ही बाजारहाटापुरते व पुढे हौसेपुरते शिकलो होतो.

भाषेचा क्रम ही ह्या शहरात लहान बाब नव्हे. २०१७ साली येथल्या नम्म मेट्रोच्या फलकांवरील हिंदी अक्षरांवरून मोठे वादळ उठले, आणि ती अक्षरे अखेर उतरविण्यात आली. ज्यांच्या गावात आपण पोट भरतो त्यांच्या भाषेस पहिला पाट द्यावा, हे आम्हांस तरी सरळ न्यायाचे वाटते. मुंबईत बसून आपण दुसऱ्यांकडून हीच अपेक्षा करीत असतो.

मसुदा करण्यास बसलो. बाजारात अशा निरोपांचे तयार नमुने मिळतात. त्यांत 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य ठरलेले. ते आम्ही पहिल्या वाचनातच खोडले. महत्त्वाचा होता तर उचलला का नाही, असे कोणीही विचारील. नमस्कार, कचेरीचे नाव, कामाची वेळ, आणि नाव व निवृत्तिवेतनाचा क्रमांक सांगण्याची विनंती, एवढ्यावर भागविले. खरा आनंद कन्नड मजकूर करताना झाला. मराठीत कचेरी, कन्नडात कचेरि. आपली वेळ, त्यांची वेळे. म्हणजे 'कचेरीची वेळ' हे तेथे 'कचेरि वेळे' एवढ्या अंतरावरच उभे. जागा म्हणजे जाग, अर्ज म्हणजे अर्जी, ठेव म्हणजे ठेवणी. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण. आमच्याकडे आणि कन्नडात मात्र छडीच. कादंबरी दोघांचीही कादंबरीच. हिंदीतला 'उपन्यास' कन्नडात गेला तर त्याचे व्याख्यान होते. फसवे शब्दही आहेत. 'अवसर' हिंदीत संधी, आणि कन्नडात घाई! ह्या शब्दास आम्ही तिन्ही मजकुरांत प्रवेशबंदी केली. आणि दोन्ही भाषांना जोडणारा 'ळ' तर घरचाच. दिल्लीच्या साहेबांच्या जिभेला तो कधी गवसला नाही. (गंमत अशी की, जयनगराला लागून 'तिलकनगर' आहे. हाताशी ळ असून येथे तो त्या नावात वापरीत नाहीत, हे पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतो.)

एका ठिकाणी मात्र मराठीची श्रीमंती आडवी आली. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. आजच्या बोलत्या कन्नडात 'नावु' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, आणि हिंदीतला 'हम' तसाच. 'नावु ईग जागदल्लि इल्ल', आम्ही आत्ता जागेवर नाही, असे लिहिताना आम्हांस उगीच वाटून गेले की, ऐकणाऱ्यालाही आम्ही त्याच्या जागेवरून उठविले.

मजकुराची फाइल तीन पायऱ्या चढून तीन पायऱ्या उतरली. एका पायरीवर 'कृपया' वाढले, दुसऱ्या पायरीवर ते कमी झाले.

मुद्रणासाठी जागा शोधणे हे दुसरे संकट. जयनगर हे १९४८ साली आखून वसविलेले उपनगर; झाडे मोठी, रस्ते सरळ; तरीही दुपारी वाहनांचे भोंगे थांबत नाहीत. शेवटी जुन्या फायलींची खोली निवडली. तेथे पंखा नाही, खिडकी एकच, आणि भिंतींपेक्षा कागद जास्त. कागदाचे गठ्ठे आवाज पिऊन टाकतात, प्रतिध्वनी उठू देत नाहीत. निकाली निघालेल्या हजारो माणसांच्या कागदांमध्ये उभे राहून आम्ही तीन भाषांत नमस्कार केला.

मुद्रित केलेला आपला आवाज परक्याचा का वाटतो, ह्याचे कारण शास्त्रज्ञ सांगतात. बोलताना आपण स्वतःस हवेतून ऐकतो, तसेच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. हाडांतून येणारा भाग आवाजास भरदारपणा देतो, आणि यंत्र तो टिपीत नाही. त्यातून टेलिफोनची तार कंजूष. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांच्या दरम्यानचाच ध्वनी ती पुढे नेते, आणि आमचे यंत्र अजून त्याच मापाचे आहे. स आणि फ ह्यांची ओळख पटविणारी सळसळ बहुतांशी त्या वरच्या मर्यादेपलीकडे राहते. म्हणून तर नावातला स सांगताना माणसे फोनवर ओरडतात. त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे कंपनांचा असतो, म्हणजे तो खालच्या दाराशीच अडतो. तारेतून तो जातच नाही! वरचे सूर ऐकून ऐकणाऱ्याचा कानच तो मूळ सूर मनाने भरून काढतो.

घरी चिरंजीव कन्येस ऐकविले. ती येथल्याच शाळेत शिकते आणि गल्लीत कन्नडातच भांडते. म्हणाली, "बाबा, बेंगळूर नाही, बेंगळूरु. शेवटी उ आहे." १ नोव्हेंबर २०१४ पासून ह्या शहराचे नाव इंग्रजीतही तसेच लिहावे असा नियम झाला, हे आम्हांस ठाऊक होते, परंतु नियम माहीत असणे निराळे आणि तो ओठांवर येणे निराळे. तो उ इतका आखूड आहे की, ओठ मिटता मिटता म्हणावा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फायलींच्या खोलीत गेलो.

नोव्हेंबरात यंत्राची परीक्षा झाली. हा महिना निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्याचा. ऐंशी वर्षांवरील मंडळींस तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ह्या नावाने तो संगणकावरूनही देण्याची सोय झाली आहे. तरी बोटांवरच्या रेषा वयाने झिजलेल्या असतात, यंत्र ठसा ओळखीत नाही, आणि आपण जिवंत असल्याचे पटवावे कसे ह्या काळजीने माणसे फोन करतात. यंत्राने टिपलेला पहिला निरोप एका वृद्ध बाईंचा होता. आमचा कन्नड नमस्कार संपताच त्या म्हणाल्या, "नमस्कार सार्. ऊट आय्ता?" जेवण झाले का, ही येथली नेहमीची विचारपूस. मग त्या थांबल्या. उत्तर येईल म्हणून थांबल्या. यंत्राने हिंदीत व इंग्रजीत आपली वेळ सांगितली, टूं केले, आणि त्या पुढचा सारा मिनिट नुसताच श्वास घेत राहिल्या. नाव नाही, क्रमांक नाही. आलेल्या फोनाचा नंबर यंत्राने ठेवला होता म्हणून आम्हांस त्यांना उलटा फोन लावता आला. पहिले वाक्य त्यांनी रागाने उच्चारले, "काल तुम्ही बोललात आणि मग बोलायचे थांबलात." त्यांचे काम दहा मिनिटांत झाले. पण त्यानंतर आम्ही कन्नड मजकुरात 'हे यंत्र आहे' हे वाक्य पहिल्याने घालून घेतले. त्यासाठी फाइल पुन्हा तीन पायऱ्या चढली.

बोलणारा नसताना बोलणे ऐकू येणे ही गोष्ट जयनगरकरांस नवी नाही. १७ जून २०१७ रोजी येथून जाणाऱ्या मेट्रोच्या हिरव्या मार्गाचा पहिला टप्पा पूर्ण झाला. गाडीत पुढच्या स्थानकाचे नाव कन्नडात सांगणारा आवाज अपर्णा वस्तारे ह्यांचा. त्या नटी होत्या, निवेदिका होत्या. पुट्टण्णा कणगाल ह्यांच्या 'मसणद हूवु' ह्या चित्रपटातून त्या पुढे आल्या, आणि ह्या पुट्टण्णांच्या नावाचे थिएटर एके काळी आमच्या चौथ्या ब्लॉकात होते. आम्ही शुद्ध कन्नड उच्चार शिकलो ते निम्मे त्यांच्यापासून, उभ्याने, हातात डबा धरून. ११ जुलै २०२४ रोजी कर्करोगाने त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्यांनी नेहमीप्रमाणे जयनगर आल्याचे सांगितले. डब्यातील काही माणसांनी वर पाहिले. वर पाहण्यासारखे तेथे काही नव्हते, जाळीच होती.

लंडनमध्ये ह्याची एक पुढची पायरी घडली. तेथील भुयारी रेल्वेत फलाटाच्या फटीविषयी सावध करणारा ऑस्वल्ड लॉरेन्स ह्या नटाचा आवाज एकेका स्थानकातून निघत निघत अखेर एम्बँकमेंट ह्या एकाच ठिकाणी उरला होता. लॉरेन्स २००७ साली वारले. त्यांची पत्नी त्या फलाटावर जाऊन बसे व तो ऐके. नवी व्यवस्था आली आणि तोही गेला. तिने विनंती केली, आणि रेल्वेने २०१३ साली जुना आवाज त्या एका फलाटावर परत बसविला. कचेऱ्यांनाही कधीकधी माणसासारखे वागता येते. फक्त त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो.

आमचे वडील वाईस असतात. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत इंग्रजी शिकविले. भ्रमणध्वनी हाताशी असला तरी त्यांस कचेरीचा नंबर अधिक भरवशाचा वाटतो, कारण कचेरी कोठे हलत नाही. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांनी तो लावला. रात्री आमच्याशी बोलताना म्हणाले, "तुमच्याकडे कोणी कानडी गृहस्थ आहेत. फार अदबीने बोलतात. काय बोलले ते कळले नाही."

आम्ही काहीच बोललो नाही. मुलाचा आवाज बापास ओळखू येऊ नये इतके चांगले कन्नड साधले, ह्याचा अभिमान धरावा की काय करावे, हे त्या क्षणी ठरेना. परमुलखात नोकरी करणाऱ्यांस ही अवस्था निराळी सांगावयास नको. गावी गेल्यावर आपले मराठी 'जरा तिकडचे' झाले आहे असे चुलती म्हणते, आणि येथे आपले कन्नड 'जरा तिकडचे' आहे असे भाजीवाली म्हणते.

वडील पुढे म्हणाले, "मग हिंदी लागले. तेव्हा थोडा संशय आला. इंग्रजी सुरू झाले आणि मी आईला हाक मारली."

"का?"

"ते इंग्रजी मी शिकविलेले आहे. 'ऑफिस'चा ऑ तू अजून तसाच म्हणतोस."

बदलीचे हुकूम साधारण उन्हाळ्यात निघतात, आणि यंदा आमचे नाव यादीत असण्याचा संभव आहे. वडिलांनी त्याविषयी विचारले. मग विचारले, "तू गेल्यावर ते बोलणे काढून टाकतात का?" आम्ही सांगितले की, फाइलवर 'पुढील आदेश होईपर्यंत' असा शेरा आहे, नवा आदेश निघेपर्यंत तेच चालू राहील. त्यांनी कचेरीचा नंबर पुन्हा एकदा, सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगावयास लावला, आणि वहीत लिहून घेतला.