फळ्यांवरचं गाव

मुआरा मुंताईत माणूस दिवसभर हिंडला तरी चपलेला माती लागत नाही. घरं खांबांवर, दुकानं खांबांवर आणि त्यांच्या मधून जाणारा गावाचा हमरस्ताही खांबांवरच. रस्ता म्हणजे आडव्या ठोकलेल्या लाकडी फळ्या. त्यांच्यावरून शाळेची पोरं जातात, सामानाच्या हातगाड्या जातात आणि चक्क मोटारसायकलीही जातात. मोटारसायकल अजून लांब असते तेव्हाच डब्यात सुपाऱ्या खुळखुळाव्यात तसा आवाज सुरू होतो आणि जवळ येत येत दारावरून निघून जातो. हॉर्न वाजवायची गरजच उरत नाही.

हे लाकूड उलिनचं. बोर्निओच्या जंगलातलं हे झाड इतक्या सावकाश वाढतं, की लावणाऱ्यानं त्याच्या फळ्यांची आशा धरू नये. उलिन पाण्यात टाकलं तर तरंगत नाही, सरळ तळाला जातं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. खिळा तसाच ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो, म्हणून आधी भोक पाडावं लागतं. उन्हापावसात ते काळं पडत जातं, पण कुजायचं नाव घेत नाही. वर्षानुवर्षं पाय घासून फळीचा मधला भाग गुळगुळीत होतो, थोडा खोलगटही होतो. खिळ्यांची डोकी मात्र तेवढी झिजत नाहीत, ती वर डोकावू लागतात. अनवाणी धावणारी पोरं त्यांना न बघता चुकवतात. नवखा माणूस बघून चालतो आणि तरी ठेचकाळतो.

गाव इंडोनेशियाच्या पूर्व कालिमांतान प्रांतात, महाकाम नदीच्या काठी आहे. ही नदी बोर्निओच्या आतल्या डोंगरांत उगम पावते आणि नऊशेहून अधिक किलोमीटर वाहून मकासारच्या सामुद्रधुनीला मिळते. तिच्या मधल्या टप्प्यात जमीन जवळजवळ सपाट आहे आणि तिथं जेंपांग, सेमायांग, मेलिंतांग अशी तीन मोठी, उथळ तळी पसरली आहेत. नदी चढली की पाणी तळ्यांत शिरतं, नदी उतरली की तळ्यांतलं पाणी परत नदीत येतं. वाहायचं कुठल्या दिशेनं, हे इथल्या ओढ्यांना ऋतूप्रमाणे ठरवावं लागतं. अशा ठिकाणी जमिनीवर घर बांधणं म्हणजे निव्वळ हट्ट. उलट कोरडं साल आलं की तळ्यांचा तळ उघडा पडतो, गवत माजतं आणि वाळतं. 1982-83 आणि 1997-98 या एल निन्योच्या दुष्काळांत पूर्व कालिमांतानची लाखो हेक्टर जंगलं जळाली, त्यात या तळ्यांभोवतीचा दलदलीचा पट्टाही होता. पुराची तयारी इथं प्रत्येक खांबात दिसते. आगीची कुठं दिसावी?

वस्ती मुख्यतः कुताई आणि बंजार लोकांची, मुसलमान. जेंपांग तळं ओलांडून तांजुंग इसुईला गेलं की दायाक बेनुआकांचा मुलूख लागतो. तिथल्या बायका दोयो नावाच्या झाडाच्या पानांपासून धागा काढून कापड विणतात. मुआरा मुंताईची बाई विणत नाही, ती मासे चिरते. काठाला बांधलेल्या तराफ्यावर ती उकिडवी बसते, पाठीकडून सुरी घालते, मासा पुस्तकासारखा उघडते, पोट साफ करते, पाण्यात एकदा बुचकळते आणि मिठात टाकते. हाताखालचा मासा बहुतेक वेळा मरळच असतो, आपल्या गोदावरीच्या डोहांत मिळतो त्याच कुळातला. इथं त्याला गाबुस म्हणतात. मग वाळवणं. ओळीनं मांडलेल्या लाकडी चौकटींवर उघडे मासे पडलेले असतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचा वास अख्ख्या गावात फिरतो. हा खारवलेला मासा नदीनं खाली सामारिंदा शहराला आणि तिथून पुढे जावापर्यंत जातो.

त्याच तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी दात घासत असतं, कुणी कपडे आपटत असतं, आणि आडोसा केलेल्या खोपटात आणखीही काही चाललेलं असतं. पाहुणा नाक मुरडतो. थोड्या वेळानं तोच पाहुणा गोडमिट्ट काळी कॉफी चवीनं पितो, तेव्हा ती कुठल्या पाण्याची, हे विचारायचं त्याच्या मनात येत नाही. बरंच आहे.

नकाशा बघणारे या गावाला आडवळणाचं म्हणतात. मला ते पटत नाही. रस्त्यानं मोजलं तर आडवळण, नदीनं मोजलं तर गाव भर हमरस्त्यावर आहे आणि तेही फार जुन्या. इथून खालच्या अंगाला मुआरा कामान आहे. तिथं दगडी यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, सापडले, इसवी सन 400च्या सुमाराचे. लिपी पल्लव, भाषा संस्कृत. मूलवर्मन नावाच्या राजानं यज्ञ केला आणि ब्राह्मणांना 20,000 गाई दिल्या असं एकावर कोरलेलं आहे. बोर्निओच्या त्या दलदलीत वीस हजार गाई कुठं बांधल्या असतील, हा प्रश्न कोकणातल्या शेतकऱ्यालासुद्धा पडेल. दानाचे आकडे कोरणाऱ्याला तो पडला नसावा. मला दुसऱ्या एका यूपावरची वंशावळ जास्त आवडते. राजा मूलवर्मन, बाप अश्ववर्मन आणि आजा कुंडुंग. आजाच्या नावात संस्कृतचा मागमूस नाही, तो इथल्याच मातीतला. इंडोनेशियातले हे सर्वांत जुने लेख मानले जातात आणि ते आडवळणाच्या नदीकाठी सापडावेत, ही गंमतच.

या पाण्यात पेसुत राहतो. गोल डोक्याचा, चोच नसलेला डॉल्फिन; ओडिशाच्या चिल्का सरोवरात आहे त्याच जातीचा. त्याची इथं गोष्ट सांगतात. आई वारल्यावर बापानं दुसरं लग्न केलं, सावत्र आईनं दोन मुलांचे हाल केले आणि एक दिवस आईबाप त्यांना टाकून निघून गेले. शोधत शोधत भुकेली मुलं एका खोपटात पोचली. चुलीवर पेजेचं भांडं रटरटत होतं. त्यांनी ती तशीच गटागटा पिऊन टाकली. अंगाची लाही लाही झाली, दिसेल त्या केळीच्या खांबाला मिठ्या मारत सुटली, तर केळी सुकून गेल्या. शेवटी नदीत उडी घेतली, ती वर आली पेसुत होऊन. म्हणून तो अजून डोक्यातून फुत्कार सोडतो. पोट इतकं पोळलेलं हे पोर आता महाकामात शंभराच्याही आत उरलं आहे. बहुतेक मरतात ते मासेमारीच्या जाळ्यांत अडकून. अलीकडे काही जाळ्यांना आवाज करणारी छोटी यंत्रं लावतात; तो आवाज ऐकून पेसुत लांब राहतो.

आवाजाचा त्रासही त्याला कमी नाही. नदीतून दिवसरात्र कोळशाचे पडाव जातात: पुढे टगबोट, मागे काळा डोंगर. लाट आली की तराफे हलतात, भांडी वाजतात. यातला बराच माल परदेशी जातो आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. कोळसा गावापुढून जातो, पण गावासाठी थांबत नाही. मूलवर्मनच्या काळी नदीनं येणारा निदान काठाला लागत तरी असेल.

जायचं झालं तर सामारिंदाच्या सुंगाई कुंजांग धक्क्यावरून सकाळी सुटणाऱ्या बोटीनं जावं. तिला तिथं टॅक्सीच म्हणतात. वाटेतल्या कोटा बांगुनपर्यंत आता डांबरी सडक आहे आणि वेळ निम्म्याहून अधिक वाचतो, पण मग गावात आपण मागच्या दारानं शिरतो. बोटीच्या वरच्या मजल्यावर गाद्या घातलेल्या असतात, वारा चांगला लागतो. चादर आपली न्यावी. न्हाणीघर अगदी मागे असतं, तिथं बादली सोडून नदीचंच पाणी घ्यायचं. दिवस मावळता मुआरा मुंताई येतं. पिशव्या खांद्याला लावून तयार राहावं, कारण बोट क्षणभरच टेकते. तिला अजून नदीच्या वरच्या अंगाचं मेलाक गाठायचं असतं, आणि पाणी पुरेसं असेल तर पार लाँग बागुनपर्यंत जायचं असतं.