शेपटीला पाण्याचा तिटकारा नसतो

साबणाच्या रेणूचं चित्र मी सतरा वर्षं फळ्यावर काढत आले. गोल डोकं, मागे लांब शेपटी. मग ठरलेलं वाक्य: डोकं जलस्नेही, शेपटी जलद्वेष्टी, शेपटीला पाण्याचा तिटकारा, म्हणून ती तेलकट मळात शिरते. मुलांना ते चटकन कळायचं. ते वाक्य आज मी मागे घेते आहे.

निमित्त झालं नववीतल्या एका मुलीचं. तिने विचारलं, "बाई, तिटकारा असेल तर डबक्यावर टाकलेलं रॉकेल पसरतं कसं? त्याने अंग चोरून गोळा व्हायला हवं ना?" मी तिला म्हटलं, पुस्तकात आहे तसं लिही. प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

वाचायला बसले तेव्हा कळलं, की हा गैरसमज जी. एस. हार्टली या रसायनशास्त्रज्ञाने 1936 सालीच खोडून काढला होता. चार्ल्स टॅनफर्ड यांनी 1973 मध्ये याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. तेलाच्या रेणूंना एकमेकांची जेवढी ओढ, जवळपास तेवढीच पाण्याचीही असते. द्रव ब्युटेन 25 अंश सेल्सिअसला पाण्यात विरघळतं तेव्हा तर किंचित उष्णता बाहेर पडते. तरीही ते विरघळतं अगदी थोडं.

अडचण पाण्याच्या बाजूने आहे. पाण्याच्या रेणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. शेपटी मध्ये आली की भोवतीच्या रेणूंना ते हात न सोडता वळून उभं राहावं लागतं. मांडणीचे पर्याय कमी होतात. शेपट्या एका जागी गोळा झाल्या, किंवा तेलकट मळात शिरल्या, की पाण्याला ती मोकळीक परत मिळते. मळ कपड्यावरून सुटतो त्यामागे पाण्याची ही आपसातली ओढ आहे.

टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट घ्या. शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण 2.3 ग्रॅमपर्यंत त्याचे रेणू सुटे फिरतात आणि पृष्ठभागावर शेपट्या हवेत काढून दाटी करतात. पृष्ठताण जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यापुढे कितीही टाकलं तरी तो फारसा उतरत नाही; जास्तीच्या रेणूंचे साठेकांचे पुंजके बनतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. हेच मायसेल. त्यातला एकेक रेणू काही मायक्रोसेकंदांतच सुटून पाण्यात येतो आणि पुन्हा कुठल्यातरी पुंजक्यात शिरतो. ही अखंड ये-जा समजल्यावर तिटकाऱ्याची भाषा मला पोकळ वाटू लागली.

सोपं करून सांगणं हे शिक्षकाचं कामच आहे, असं मी मानत होते, अजूनही मानते. पण त्या सोपेपणात मी पाण्यालाच चित्रातून वगळलं होतं. आता मी फळ्यावर आधी हात धरलेले पाण्याचे रेणू काढते आणि मुलांना विचारते, यांच्यामध्ये शेपटी आली तर काय होईल? उत्तराला वेळ लागतो. तो मी देते.

त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. तिला तेव्हाच हे सांगता आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.